तिकीट कोणी काढले? अवकाशस्थानकावरच्या खाजगी मोहिमा आणि आपण

बालाघाटी (धागाकर्ता)

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट आहे. अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी दिवसभर भुरभुर चालू होती आणि दिवस मावळल्यावर आभाळ अर्धेमुर्धे मोकळे झाले. मोबाईलवर अवकाशस्थानक दिसण्याची वेळ पाहून ठेवली होती, त्याप्रमाणे आईला, मुलाला आणि चुलत्यांना घेऊन मी माळवदावर गेलो. मातीने पाणी धरलेले असल्यामुळे आम्ही चौघे कडेच्या दगडी पट्टीवर एका ओळीत उभे राहिलो. थोड्या वेळाने वायव्येकडून एक ठळक, अजिबात न लुकलुकणारा ठिपका वर चढला, डोक्यावरून सरकत आग्नेयेकडे गेला आणि उतरता उतरता पृथ्वीच्या सावलीत शिरून विझल्यासारखा नाहीसा झाला. सगळा खेळ चार-पाच मिनिटांचा होता.

मी मोठ्या अभिमानाने सांगितले, की त्या ठिपक्यात या क्षणी आपला माणूस आहे, शुभांशु शुक्ला त्याचे नाव. आईने क्षणभर विचार केला आणि विचारले, "त्याचं तिकीट कुणी काढलं?"

मी म्हणालो, सरकारने. त्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, "मग गाडी कुणाची?" यान एका अमेरिकी कंपनीचे, मोहीम आखणारी कंपनी दुसरी, स्थानक पाच अवकाशसंस्थांचे आणि प्रवासी आपला, हे सांगताना माझी जीभ अडखळली. चुलते हसून म्हणाले, म्हणजे वऱ्हाडाची जीप केली म्हणायची.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. अशा खाजगी मोहिमेवर जाणाऱ्याला आपण अंतराळवीर म्हणावे, की पैसे भरून गेलेला प्रवासी म्हणावे? आणि आपण जे पैसे भरले, त्यातून नेमके काय विकत घेतले? जाणकारांनी लिहावे. केवळ "अभिमान वाटतो" किंवा "पैसा वाया गेला" एवढेच लिहू नये, ही विनंती.

हिशेबनीस, जालना

आकड्यांपासून सुरुवात करतो. प्रशिक्षण धरून या जागेचा खर्च सुमारे ५५० कोटी रुपये झाला. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी होता आणि माणसाला अवकाशात नेण्याच्या आपल्या स्वतःच्या गगनयान कार्यक्रमाची सुधारित मंजुरी २०,१९३ कोटींची आहे. लोकसंख्येने भागले, तर हे तिकीट माणशी चार रुपयांच्या आसपास पडले. आमच्या मोंढ्यातला अर्धा चहासुद्धा एवढ्यात येत नाही.

सीताफळ

वाचते आहे. आईंना माझा नमस्कार सांगावा, त्यांचा प्रश्न फार नेमका आहे.

मांजराकाठ, लातूर

हिशेबनीसराव, माणशी भागाकार करून कोणताही खर्च स्वस्त दाखवता येतो, त्यामुळे ते चार रुपये मला पटत नाहीत. माझा आक्षेप रकमेवर नाहीच. चांद्रयानावर खर्च केलेला पैसा बहुतांशी आपल्याच कारखान्यांत, आपल्याच अभियंत्यांच्या हाती फिरला. या ५५० कोटींचा मोठा हिस्सा परदेशी कंपनीला गेला. दोन्ही रकमा जवळपास सारख्या दिसत असल्या, तरी त्यांची जात एक नाही. घर बांधायला काढलेले कर्ज आणि लॉजचे भाडे यांची बेरीज एकाच रकान्यात करू नये.

खगोलवेडा मास्तर

धाग्याचा विषय "खाजगी मोहीम" आहे, म्हणून तिची वाटचाल आधी सांगतो, कारण या एका शब्दाखाली गेल्या पंचवीस वर्षांत बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येऊन गेल्या आहेत.

स्वतःच्या खिशातून पैसे भरून अवकाशस्थानकावर गेलेला पहिला माणूस म्हणजे अमेरिकेचे डेनिस टिटो. ते २८ एप्रिल २००१ रोजी रशियाच्या सोयूझ यानातून गेले आणि सुमारे दोन कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. गंमत अशी, की स्वतः अमेरिकी असूनही त्यांना नासाचाच विरोध होता. अमेरिकी विभागात त्यांनी एकट्याने फिरू नये, असे ठरले आणि काही मोडले तर भरपाई द्यावी लागेल, असेही त्यांच्याकडून लिहून घेतले होते. त्यांच्यानंतर २००९ पर्यंत मार्क शटलवर्थ, अनुशे अन्सारी, चार्ल्स सिमोनी असे आणखी काही जण याच वाटेने गेले. सिमोनी तर दोनदा गेले. पुढे अमेरिकेची शटल याने निवृत्त झाली, सोयूझच्या सगळ्या जागा सरकारी अंतराळवीरांनाच लागू लागल्या आणि हा व्यवहार जवळजवळ थांबला.

दुसरा अध्याय सुरू झाला तो ८ एप्रिल २०२२ रोजी. अॅक्सिअम स्पेस या कंपनीच्या पहिल्या मोहिमेत चार जण गेले. त्यांतले मायकेल लोपेझ-अलेग्रिया हे नासाचे माजी अंतराळवीर होते आणि उरलेल्या तिघांनी प्रत्येकी साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मोजली होती. सेवेत असलेला एकही सरकारी अंतराळवीर यानात नाही, अशी ती स्थानकावरची पहिली मोहीम होती.

आता पुढचे पाहा. मे २०२३ मधल्या दुसऱ्या मोहिमेत एक धनिक आणि सौदी सरकारने पाठवलेले दोघे होते. जानेवारी २०२४ मधल्या तिसऱ्या मोहिमेत इटली, तुर्कस्तान आणि स्वीडनचे प्रवासी होते. जून २०२५ मधल्या चौथ्या मोहिमेत भारत, पोलंड आणि हंगेरीचे. म्हणजे तीन वर्षांत गिऱ्हाईकच बदलले. श्रीमंतांची हौस म्हणून सुरू झालेली सोय, स्वतःचे मानवी यान नसलेल्या देशांची वाहतूकव्यवस्था झाली. म्हणून टिटो आणि शुक्ला यांना एकाच मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही.

भांडीवाला

मोडले तर भरपाई द्यावी लागेल, ही अट वाचून जीव सुखावला. आमचा मंडप आणि भांड्यांचा धंदा आहे. पातेल्याला पोचा आला की आम्हीही हेच करतो. फक्त आमच्याकडे गिऱ्हाईक पोचा दिसू नये म्हणून पातेले पालथे घालून परत देते.

निवृत्त अभियंता, संभाजीनगर

बालाघाटी, "गाडी कुणाची" या आईंच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

रॉकेट फाल्कन-९ आणि यान क्रू ड्रॅगन, ही दोन्ही स्पेसएक्सची. याच चौथ्या मोहिमेतल्या नव्या यानाला चमूने "ग्रेस" असे नाव दिले. अॅक्सिअमने हे यान जणू ठरवून घेतले, प्रवासी मिळवले, त्यांचे प्रशिक्षण आणि प्रयोगांची जुळवाजुळव केली. स्थानकाचे दार, तिथली हवा, पाणी, वीज आणि तिथल्या चमूचा वेळ यांचे पैसे नासाने वेगळे लावले. नासाने २०१९ मध्ये अशा मोहिमांसाठी धोरण जाहीर केले आणि वर्षाला दोन मोहिमांपर्यंत दार उघडले. त्या वेळी जाहीर झालेल्या दरपत्रकात एका माणसाचा एका रात्रीचा मुक्काम साधारण ३५,००० डॉलर धरला होता. पुढे २०२१ मध्ये हे दर बरेच वाढवण्यात आले.

पहिल्या मोहिमेतून एक धडा मिळाला, त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. प्रवाशांनी आपल्या प्रयोगांचे वेळापत्रक इतके गच्च भरून आणले होते, की पहिल्या काही दिवसांतच ते मागे पडू लागले आणि त्यांना मदत करताना स्थानकावरच्या मूळ चमूची ओढाताण झाली. वजनरहित अवस्थेत नवखा माणूस पहिले दोन-तीन दिवस साधी पिशवी उघडायलाही दुप्पट वेळ घेतो, पेन सोडले तर ते कुठे तरंगत गेले हे शोधत बसतो. लग्नघरी पाहुणे "आम्हाला काही नको हो" म्हणत येतात आणि चार जणांना त्यांच्या दिमतीला राहावे लागते, तसेच काहीसे झाले. त्यानंतर नासाने अशा मोहिमांचे नेतृत्व आपल्याच माजी अंतराळवीराकडे असावे, अशी अट घातली आणि नवख्यांना रुळायला वेळ ठेवण्यावरही भर दिला.

त्यामुळे चौथ्या मोहिमेच्या प्रमुख पेगी व्हिटसन होत्या. अवकाशात एकूण ६९५ दिवस राहिलेल्या या बाई नासातून निवृत्त होऊन अॅक्सिअममध्ये गेल्या आहेत. अॅक्सिअमचे एक संस्थापक मायकेल सफ्रेडिनी हेही पूर्वी नासात याच स्थानकाच्या कार्यक्रमाचे प्रमुख होते.

मांजराकाठ, लातूर

म्हणजे हा सरळ लातूर पॅटर्नच झाला. सरकारी महाविद्यालयातून निवृत्त झालेले सर समोरच्याच गल्लीत खाजगी शिकवणी उघडतात, परीक्षा मात्र त्याच मंडळाची असते.

सीताफळ

आणि शिकवणीचे शुल्कही डॉलरमध्ये.

उदगीरचा

इथे मला विरोधी सूर लावायचा आहे. वर्तमानपत्रांनी शुक्ला यांना "यानाचे वैमानिक" म्हणून गौरवले. माझ्या माहितीप्रमाणे ड्रॅगन यान स्थानकाशी आपोआप जोडले जाते. मग वैमानिकाने केले काय? पैसे भरल्यावर मिळालेली ती शोभेची पदवी नव्हती का? राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आपण कोणाला काही मोजले नव्हते, आपला माणूस त्याच्या गुणवत्तेवर गेला होता.

निवृत्त अभियंता, संभाजीनगर

उदगीरकर, यान आपोआप जोडले जाते हे खरे आहे. प्रक्षेपणापासून जोडणीपर्यंत साधारण २८ तास गेले आणि त्यात नियमित कामकाजाचा मोठा भाग संगणकाचाच होता. परंतु संगणक बिघडला तर काय करायचे, यासाठी तर माणसाला तयार केलेले असते. कोणत्या आकड्यावर डोळा ठेवायचा, तो किती हलला की प्रमुखाला सांगायचे, कोणत्या क्षणी जोडणी सोडून मागे सरायचे, हा सगळा सराव मागच्या खुर्चीतल्या प्रवाशाला तितक्या प्रमाणात दिला जात नाही. मी औष्णिक वीज केंद्रात नोकरी केली आहे. संच सुरळीत चालू असताना नियंत्रणकक्षातला माणूस वरकरणी रिकामा बसलेला दिसतो. भेट द्यायला आलेले लोक हमखास विचारायचे, की याला पगार कशाचा देता?

शुक्ला हे वायुसेनेचे चाचणी वैमानिक आहेत. गगनयानासाठी निवडलेल्या चौघांपैकी ते एक आहेत आणि त्या चौघांनी २०२० ते २०२१ मध्ये रशियात प्रशिक्षण घेतले होते. याच चौघांतले प्रशांत नायर या मोहिमेसाठी राखीव होते आणि त्यांनाही जवळजवळ तेच प्रशिक्षण मिळाले. म्हणजे एका तिकिटात दोन माणसे शिकली, हेही हिशेबात धरावे.

हिशेबनीस, जालना

तर मग माणशी दोन रुपये.

मांजराकाठ, लातूर

हिशेबनीसराव, आपण भागाकार सोडणार नाही.

नागनाथाचा शेजारी, हिंगोली

मला एक तुलना सुचते. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. एकमेकींना काटकोनात असलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी. हा खर्च पाचपट आहे, पण वास्तू, यंत्रे आणि ती चालवणारी माणसे इथेच राहतील, आमच्या तालुक्यातल्या पोरांना ती डोळ्यांनी दिसतील. अवकाशस्थानकावरची खुर्ची मात्र वीस दिवसांत रिकामी झाली. मांजराकाठ यांचा घर आणि लॉज यांतला फरक मला म्हणूनच पटतो.

खगोलवेडा मास्तर

लॉज म्हणायला हरकत नाही, पण त्यांनी तिथे झोपा काढल्या नाहीत, एवढे नोंदवतो. भारतीय संस्थांचे सात प्रयोग तिथे झाले. सूक्ष्म शैवाले, सायनोबॅक्टेरिया, स्नायूंच्या पेशी, अस्वलासारखे दिसणारे टार्डिग्रेड नावाचे चिवट सूक्ष्मजीव, पिकांची बियाणी असे त्यांचे विषय होते. माझ्या वर्गातल्या मुलांना सर्वांत आवडला तो मेथी आणि मुगाचा प्रयोग. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने आणि तिथल्याच आयआयटीने तो आखला होता. बशीत बी भिजवायचे, मोड येऊ द्यायचे आणि ते शीतकपाटात ठेवून परत आणायचे, एवढेच वरवर दिसते.

जाता जाता एक दुरुस्ती. प्रयोगांच्या बातम्यांमध्ये "तिथे गुरुत्वाकर्षण नसते" असे सर्रास छापले जाते. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे, म्हणजे संभाजीनगरहून मुंबईपेक्षा थोडे लांब, फक्त वरच्या दिशेने. तिथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती सतत पडत राहते आणि आतली माणसेही त्याच्याबरोबर पडत राहतात, म्हणून ती तरंगताना दिसतात. विहिरीत सूर मारलेल्या मुलाला हे चटकन समजते.

कोरडवाहू, परभणी

मेथी आणि मूग वाचून आनंद झाला आणि थोडी खंतही वाटली. मी कृषी विद्यापीठात शिकतो. मोड येणे ही वरवर साधी गोष्ट असली, तरी मूळ खाली जाणार आणि कोंब वर येणार, हे बियाण्याला गुरुत्वाकर्षणामुळे कळते. तो संकेतच काढून घेतला तर मूळ कुठे वळते, पोषणमूल्यात काय फरक पडतो, त्या बियांपासून पुढच्या पिढ्या घेतल्या तर त्या कशा निघतात, हे पाहण्यासारखे आहे. कमी पाण्यात तग धरणाऱ्या पिकांचा अभ्यास करणाऱ्यांना या ताणाच्या प्रयोगांत रस वाटणे साहजिक आहे. खंत एवढीच, की आमची ज्वारी आणि तूर वर गेली नाही.

सीताफळ

शुक्ला यांनी गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस सोबत नेला होता. ज्वारीची भाकरी मात्र नेणे अवघडच आहे. तिथे चुरा उडालेला चालत नाही, म्हणून पावाऐवजी मऊ टॉर्टिया खातात, असे वाचले आहे. आपल्या कडक भाकरीचा चुरा तर सगळ्या स्थानकभर फिरेल.

बार्शी रोडवाली, लातूर

मी या संकेतस्थळावर सहसा लिहीत नाही. मास्तरांनी प्रयोगांचे सांगितले, मला पाण्याचे सांगायचे आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या दिवसांत आमच्या घरात पाण्याला क्रम लावलेला होता. भाजी धुतलेले पाणी एका बादलीत, तेच पुढे भांड्यांच्या पहिल्या धुण्याला. कपड्यांचे शेवटचे पाणी फरशीला आणि फरशीचे पाणी न्हाणीतल्या काळ्या बादलीत, संडासासाठी. काळ्या बादलीला हात लावून कोणी चुकून तांब्या बुडवला, की सासूबाई घर डोक्यावर घ्यायच्या. मुलांना चार वेगवेगळ्या रंगांच्या बादल्या तोंडपाठ होत्या.

नंतर कधीतरी वाचनात आले, की अवकाशस्थानकावर माणसाच्या घामाचे, श्वासातल्या बाष्पाचे आणि लघवीचेही पाणी गोळा करून शुद्ध करतात आणि २०२३ मध्ये ही परतफेड ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचली. आम्ही पाणी शेवटपर्यंत वापरत होतो, तरी प्रत्येक पायरीला ते अधिक घाण होत होते. तिथे शेवटच्या पायरीनंतर ते पुन्हा पहिल्या बादलीत येते. माणसाला पिणे, खाणे आणि स्वच्छता मिळून दिवसाला चार लिटरच्या आत भागवतात. त्यामुळे खाजगी पाहुण्यांकडून हवा-पाण्याचे वेगळे पैसे घेतात, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे मुक्कामी येणारे पाहुणे आपापले पाण्याचे कॅन घेऊन येत होते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता.

भांडीवाला

ताई, काळ्या बादलीवरून आमच्याही घरी महाभारत झाले होते.

हिशेबनीस, जालना

अभियंता साहेबांनी उल्लेख केलेल्या २०१९ च्या दरपत्रकात विजेचाही भाव होता. एका युनिटला ४२ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने जवळजवळ तीन हजार रुपये. ज्यांना आपले वीजबिल जास्त येते असे वाटते, त्यांनी हा आकडा भिंतीवर चिकटवावा. विशेष म्हणजे वीज सगळी सौर पंखांवर तयार होते.

उदगीरचा

पाणी, भाकरी आणि वीज झाली. माझा मुद्दा तसाच आहे. प्रशिक्षण मिळाले, दोघांना मिळाले, मान्य. तरीही पैसे देणाऱ्या प्रवाशाचा त्या यानावर अधिकार किती? गाडीवाला म्हणेल तेव्हा बसायचे आणि म्हणेल तिथे उतरायचे.

निवृत्त अभियंता, संभाजीनगर

याचे उत्तर प्रक्षेपणाआधीच्या महिन्यात मिळाले, असे माझे मत आहे. ही मोहीम मेअखेरीस निघायची होती, ती पाच-सहा वेळा पुढे गेली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रॉकेटच्या चाचणीनंतर पहिल्या टप्प्यात द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. भारतीय चमू तिथे हजर होता. तात्पुरता उपाय करून न उडता गळतीचे कारण शोधावे, दुरुस्ती करावी आणि पुन्हा चाचणी करून ती थांबल्याची खात्री करावी, असा आग्रह आपण धरला होता, हे इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. तेवढ्यात स्थानकाच्या रशियन बाजूला, झ्वेझ्दा विभागातल्या जुन्या हवागळतीच्या दुरुस्तीनंतर दाबाचे आकडे निराळे दिसू लागले, म्हणून नासाने आणखी वेळ मागितला. शेवटी २५ जूनला, आपल्या दुपारी बारा वाजून एक मिनिटाने यान उडाले. तोवर चौघे जण महिनाभर विलगीकरणात होते.

द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांच्या खाली ठेवावा लागतो. त्या थंडीत धातू आकसतो, सांधे उघडतात, म्हणून गळती नेहमीच्या तापमानाला सापडत नाही आणि टाकी भरली की दिसते. हे ज्याने स्वतःच्या हाताने पाहिले आहे, तोच समोरच्याला "बॉनेट उघडा" असे म्हणू शकतो. नुसत्या प्रवाशाला गाडीतून वास आला तरी तो रुमाल नाकाला लावून गप्प बसतो. आपण इंजिने स्वतः बनवत आलो आहोत, म्हणून आपला आग्रह ऐकला गेला. ही किंमत पैशांत मोजून मिळालेली नाही.

उदगीरचा

हे मला ठाऊक नव्हते. एवढ्यापुरता माझा आक्षेप मागे घेतो, "शोभेची पदवी" हे शब्दही मागे घेतो.

जुना श्रोता, परभणी

सगळा धागा वाचला. उदगीरकरांनी १९८४ चा उल्लेख केला आणि तो पुढे कोणी उचलला नाही, म्हणून लिहितो. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून गेले, तेव्हा मी अकरावीत होतो. किराणा दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या रेडिओभोवती आम्ही वीस-पंचवीस जण गोळा झालो होतो. दुकानदाराने गूळ जोखायचे थांबवले होते आणि मुंगळे पारड्यात चढले होते, एवढे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे.

ते त्यांच्या गुणवत्तेवर गेले, यात शंका नाही. परंतु त्याला आणखी एक बाजू होती. सोव्हिएत संघाने इंटरकॉसमॉस नावाच्या कार्यक्रमात मित्रदेशांचे अंतराळवीर आपल्या स्थानकांवर नेले. १९७८ मध्ये पोलंडचे मिरोस्वाव हेर्माशेव्स्की गेले, १९८० मध्ये हंगेरीचे बेर्तालन फार्काश गेले आणि १९८४ मध्ये आपले शर्मा सॅल्यूत-७ वर गेले. आता चौथ्या मोहिमेची यादी पुन्हा पाहा. भारत, पोलंड, हंगेरी. तेच तीन देश, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, एकाच यानात, आणि प्रत्येकाचा हा दुसराच अंतराळवीर.

पहिल्या वेळी आपण यजमानाच्या गाडीतून, यजमानाच्या घरी, यजमानाच्या खर्चाने गेलो. तिकीट सोव्हिएत संघाने काढले होते आणि त्याची किंमत मैत्रीच्या खात्यावर लिहिली गेली. त्या दौऱ्यानंतर आपल्या स्वतःच्या मानवी मोहिमेला मंजुरी मिळायला २०१८ उजाडले. मधली चौतीस वर्षे आपण त्या एका आठवड्याच्या आठवणीवर काढली, कारण तो पाहुणचार होता आणि पाहुण्याने स्वयंपाकघरात डोकावायचे नसते. या वेळी रोख पैसे मोजले, म्हणून महिनाभर त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहून फोडणी कशी देतात हे पाहता आले, आणि "तेल करपले आहे" असे म्हणताही आले. मला वैयक्तिकरीत्या दुसरा सौदा अधिक पसंत आहे. तो कमी रोमांचक असला तरी.

मांजराकाठ, लातूर

श्रोते सर, हे तिन्ही देशांचे जुळलेले सूत्र माझ्या लक्षातच आले नव्हते. माझ्या लॉजच्या उपमेत एवढी दुरुस्ती करतो, की हे लॉज २०३० च्या सुमारास बंद होणार आहे. ते समुद्रात नियंत्रितपणे पाडण्यासाठीच्या यानाचे कंत्राट नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला देऊनही टाकले आहे. आपले भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभे करण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे जुने लॉज पाडण्याआधी जाऊन मोऱ्या, वायरिंग आणि पाण्याच्या टाक्या कशा बसवल्या आहेत, हे पाहून येण्याची वेळ अचूक साधली गेली. तरीही पुढची जागा विकत घेताना गगनयान कुठवर आले आहे, हे आधी विचारले पाहिजे. दर पाच वर्षांनी लॉजच करत राहिलो, तर माझा पहिला आक्षेप पुन्हा उभा राहील.

बालाघाटी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवताना आईला या धाग्याचा गोषवारा सांगितला. पहिल्या वेळी रशियाने नेले होते, या वेळी आपण पैसे भरले, आपल्या माणसांनी गाडी तपासून घेतली आणि मगच माणूस बसवला, असे सांगितले. तिने भाकरी कुस्करता कुस्करता ऐकून घेतले. श्रोते सरांच्या पारड्यातल्या मुंगळ्यांना ती हसली आणि लातूरच्या ताईंच्या काळ्या बादलीला तिने मान डोलावली.

मग तिने नवाच प्रश्न काढला. "परतीचं त्यातच होतं, का वेगळं?"

मला उत्तर देता आले नाही. अभियंता साहेब, कृपया सांगावे.

निवृत्त अभियंता, संभाजीनगर

परतीचे त्यातच होते. गेले ते यानच अठरा दिवस स्थानकाला जोडून दारात उभे होते. काही बिघडले असते, तर त्याच यानात बसून चौघांना निघता आले असते, म्हणून ते तिथून हलवत नाहीत. परतीचा दिवस मात्र हवामान ठरवते. पहिली मोहीम दहा दिवसांची आखलेली होती, ती उतरण्याच्या जागी हवा खराब असल्यामुळे सतरा दिवसांची झाली. आपले शुक्ला १५ जुलैला, आपल्या दुपारी तीनच्या सुमारास, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले.

चुलत्यांनाही सांगावे, की जीप मुक्कामी थांबली होती.